माशांचा लाल व्रणरोग : प्रसाराच्या वाटा आणि तळ्यावरील बंदोबस्त

शेततळे मुळात पिकाच्या संरक्षित पाण्यासाठी असते. परंतु साठवलेल्या त्याच पाण्यात कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस यांसारखे मासे वाढवले, तर जमिनीचा एक गुंठाही अधिक न गुंतवता जोडउत्पन्न मिळते. २०१६ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर कोरडवाहू भागातही तळ्यांची संख्या वाढली आणि ज्यांच्या घरात पूर्वी कोणी मासे पाळले नव्हते, असे अनेक शेतकरी या व्यवसायाकडे वळले. पिकांवरील रोग ओळखण्यात या शेतकऱ्यांचा हात धरणारा कोणी नाही. परंतु माशाचा रोग पाण्याखाली असतो. तो लक्षात येतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

माशांच्या कातडीवरील रोगांपैकी सर्वांत जास्त नुकसान करणारा रोग म्हणजे लाल व्रणरोग. शास्त्रीय भाषेत त्यास 'एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम' किंवा थोडक्यात 'ई.यू.एस.' म्हणतात. पावसाळ्यात सोडलेली बोटुकली थंडीपर्यंत निम्मीशी वाढलेली असते. बीज आणि खाद्य यांवरील बराचसा खर्च होऊन गेलेला असतो, विक्री मात्र अजून पुढे असते. नेमक्या याच काळात हा रोग येतो. म्हणून तो कसा पसरतो, त्याच्या वाटा कोणत्या आणि त्या केव्हा बंद कराव्यात, याची माहिती या लेखात दिली आहे.

रोगाचा प्रवास

या रोगाची पहिली नोंद १९७१ साली जपानमध्ये 'आयू' नावाच्या माशावर झाली. १९७२ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात बंडाबर्ग परिसरातील खाडीच्या माशांवर तसेच लाल चट्टे दिसून आले. त्यानंतर पापुआ न्यू गिनी, मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड अशी वाटचाल करीत १९८० च्या दशकात हा रोग आग्नेय आशियाभर पसरला. १९८६ साली बँकॉक येथे जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांच्या बैठकीत त्यास आजचे नाव देण्यात आले.

१९८८ साली हा रोग बांगलादेशात आणि त्याच वर्षी आपल्या ईशान्येकडील राज्यांत शिरला. तेथून पश्चिम बंगाल, बिहार, ओडिशा असे करीत पुढील काही वर्षांत देशाच्या बहुतेक भागांत पोहोचला. १९९१ साली केरळातील पाणथळ भातखाचरांच्या पट्ट्यात त्याने मोठे नुकसान केले. महाराष्ट्रही त्यातून सुटला नाही. १९९६ साली तो पाकिस्तानात आणि २००६-०७ मध्ये आफ्रिकेतील झांबेझी नदीच्या खोऱ्यात आढळला. ज्या ज्या भागात हा रोग नव्याने गेला, तेथे माशांच्या मरतुकीइतकेच बाजाराचे नुकसान झाले. जखमा पाहून गिऱ्हाइकांनी निरोगी मासळीसुद्धा घेणे बंद केले. म्हणजे ज्याच्या तळ्यात रोग नव्हता, त्यालाही फटका बसला.

रोग कशामुळे होतो?

सुरुवातीला काही शास्त्रज्ञांना हा रोग विषाणूंचा, तर काहींना जिवाणूंचा वाटत होता. १९९० च्या दशकात थायलंड, ऑस्ट्रेलिया व जपान येथील संशोधनातून मूळ कारण स्पष्ट झाले. 'अ‍ॅफॅनोमायसिस इन्व्हेडन्स' हा बुरशीसदृश सूक्ष्मजीव या रोगास कारणीभूत आहे. जखमेत सापडणारे 'एरोमोनास' सारखे जिवाणू नंतर शिरतात आणि जखम वाढवतात.

द्राक्ष व बटाटा उत्पादकांना हा शत्रू लवकर समजेल. द्राक्षावरील केवडा, म्हणजे आपण ज्याला 'डाउनी' म्हणतो तो रोग, आणि बटाट्यावरील उशिरा येणारा करपा हे ज्या गटातील सूक्ष्मजीवांमुळे होतात, त्याच गटातील हा जीव आहे. वाटाण्याची मूळकुज करणारा जीव तर याच्याच 'अ‍ॅफॅनोमायसिस' या प्रजातीतील. काश्मीर, हिमाचलच्या थंड पाण्यातील ट्राउट माशांवर व त्यांच्या अंड्यांवर कापसासारखी वाढणारी 'सॅप्रोलेग्निया' हीसुद्धा याच कुळातील. दिसायला हे सर्व बुरशीसारखे असले, तरी खऱ्या बुरशीपेक्षा ते शैवालांना अधिक जवळचे आहेत. पाण्यात पोहू शकणारे बीजाणू हे त्यांचे वैशिष्ट्य होय.

बीजाणूस दोन शेपट्या असतात. त्यांच्या साहाय्याने तो पाण्यात पोहत माशाच्या कातडीपर्यंत जातो. कातडीवरील बुळबुळीत थर शाबूत असेल, तर त्याला शिरकाव करणे अवघड जाते. कोठे ओरखडा असेल, खवला निघालेला असेल किंवा कातडी जळलेली असेल, तर तेथे तो चिकटतो, रुजतो आणि त्याचे तंतू कातडीतून थेट मांसात उतरतात. पाणी उबदार असेल तर माशाचे शरीर या तंतूंभोवती गाठी करून त्यांना अडवते. पाणी थंड असेल तर शरीराची ही हालचाल मंदावते. तंतू पुढे जातात आणि तोवर जिवाणूही जखमेत शिरतात.

यावरून शेतकऱ्याने एक खूणगाठ बांधावी. डाउनी पानात शिरल्यावर फवारणी करून ते पान पूर्ववत होत नाही. म्हणून बागायतदार हवामान पाहून अगोदरच फवारणी करतो. व्रणरोगाचेही तसेच आहे. तंतू मांसात उतरल्यावर पाण्यात टाकलेले औषध तेथपर्यंत सहज पोहोचत नाही. जखम डिसेंबरात दिसत असली, तरी तिचा बंदोबस्त ऑक्टोबरात करावयाचा असतो.

जमीन, पाणी आणि माशाची कातडी

मोठा पाऊस होऊन गेल्यावर आणि पाण्याचे तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्यावर हा रोग प्रामुख्याने येतो. थंडीचे कारण वर दिले आहे. पावसाचा संबंध मात्र जमिनीशी आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

पाण्यातील चुनखडी व तत्सम क्षारांमुळे पाण्याला आम्ल सोसण्याची ताकद येते. या ताकदीस अल्कता म्हणतात. पावसाचे पाणी मुळात मऊ, म्हणजे क्षार नसलेले असते. अतिवृष्टीने तळे भरले की अल्कता घटते, सामू खाली येतो आणि माशाच्या कातडीवर ताण पडतो. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर याचे ठळक उदाहरण मिळाले. तेथील किनारी जमिनीत गंधकाची खनिजे आहेत. चर खणून त्या जमिनींचा निचरा केल्यावर खनिजांना हवा लागली आणि गंधकाम्ल तयार झाले. पावसाने ते नदीत उतरले, माशांची कातडी आम्लाने जळाली आणि त्यामागोमाग लाल व्रणरोगाची साथ आली. केरळातील कुट्टनाडच्या जमिनीही आम्लधर्मी गंधकयुक्त आहेत.

आपल्या राज्यात जमिनीनुसार धोका निरनिराळा आहे. कोकणातील जांभ्या जमिनीतील तळ्यांचे पाणी मऊ व आम्लतेकडे झुकणारे असते. तेथे चुन्याची गरज अधिक. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलावांत रानटी मासळी भरपूर असते. तलावाचे पाणी भाताच्या बांध्यांतून खाली उतरते आणि थंडीही कडक पडते. म्हणजे रोगाला तेथे तीन गोष्टी अनुकूल मिळतात. मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रातील काळ्या जमिनीतील पाण्याचा सामू सहसा आठच्या आसपास असतो. तेथे डोळे झाकून चुना टाकणे नुकसानीचे ठरेल. प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात तर पाण्याचा मातीशी संबंधच येत नाही. अशा तळ्यातील पाण्याचा गुण ते विहिरीचे, नाल्याचे की निव्वळ पावसाचे यावर ठरतो. म्हणून शेजाऱ्याने किती चुना टाकला हे न विचारता आपल्या तळ्याच्या पाण्याचा सामू मोजावा. त्यासाठी सामू कागद किंवा पाणी तपासणीचा लहान संच पुरेसा होतो.

रोगाच्या वाटा

१. पाणी : बीजाणू पाण्याबरोबर जातात. पुराचे किंवा ओढ्याचे पाणी तळ्यात शिरले, वरच्या तळ्याचा सांडवा खालच्या तळ्यात उतरला, तर रोगाला वेगळे निमंत्रण लागत नाही.

२. रानटी मासळी : मरळ, डोकरा आणि पुंटियस गटातील बारीक मासळी या रोगास फार लवकर बळी पडते. भातखाचर, नाला किंवा कालव्यातून ही मासळी तळ्यात येते आणि रोग बरोबर आणते.

३. मत्स्यबीज : रोगट भागातून आणलेल्या बोटुकलीबरोबर रोग एका दिवसात शेकडो किलोमीटर प्रवास करतो. पिशवीतील पाणीही बीजाइतकेच धोक्याचे असते.

४. जाळी व साधने : एकाच दिवशी तीन-चार तळ्यांवर ओढलेले ओले जाळे, पाण्याच्या टाक्या, बादल्या, मासे वाहणाऱ्या गाडीतील पाणी यांतून बीजाणू पसरतात.

५. मेलेले मासे : रोगट मासा ओढ्यात किंवा बांधावर फेकला की खालच्या अंगाच्या सर्व तळ्यांना धोका होतो. बगळ्याने, घारीने उचललेला मासा दुसऱ्या तळ्यात पडू शकतो.

यांपैकी दुसरी, तिसरी, चौथी व पाचवी वाट शेतकऱ्याला बऱ्याच अंशी बंद करता येते. पाण्याची वाट पूर्ण बंद होत नाही. पंपाच्या तोंडाला बांधलेल्या बारीक जाळीतून मासे अडतात, बीजाणू अडत नाहीत. म्हणून शक्य तेथे तळे विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्याने भरावे.

लक्षणे व ओळख

सुरुवातीस मासे खाद्य कमी खातात, सुस्त होतात आणि पृष्ठभागाजवळ तरंगतात. कातडीवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसतात. काही दिवसांत ठिपक्यांचे चट्टे होतात, खवले गळतात आणि खोल लाल व्रण पडतो. व्रणाच्या कडा पांढुरक्या किंवा काळपट दिसतात. मरळीसारख्या माशात डोक्याचा किंवा शेपटीकडचा भाग झडून आतील हाडे उघडी पडतात आणि तरीही मासा काही दिवस जिवंत राहतो. तळ्यात मरळ, डोकरा, बारीक मासळी असेल तर पहिले ठिपके बहुधा त्यांच्यावर दिसतात. ही मासळी म्हणजे रोगाची आगाऊ सूचनाच होय.

प्रत्येक जखम लाल व्रणरोगाची नसते. पुढील फरक लक्षात ठेवावेत.

• माशांच्या उवा (अरगुलस) : चपट्या, जवळजवळ पारदर्शक, कातडीवर सरकणाऱ्या चकत्या डोळ्यांना दिसतात. मासे कडेला अंग घासतात.

• लर्निया : कातडीतून सुतासारखा परजीवी बाहेर लोंबतो व त्याच्या मुळाशी लाल डाग असतो.

• सॅप्रोलेग्निया : जखमेवर कापसासारखा पुंजका वाढतो. तो मुख्यतः वरवर असतो, मांसात खोल जात नाही.

• जलोदर : पोट फुगते, खवले उभे राहतात. हा जिवाणूंचा रोग आहे.

• पर व शेपटी कुजणे : परांच्या कडा पांढऱ्या होऊन झिजतात, अंगावर खोल व्रण नसतो.

उवा व लर्निया यांची दखल वेळीच घ्यावी. त्यांनी पाडलेली भोके म्हणजे व्रणरोगाच्या बीजाणूला उघडे दार होय. व्रणरोगाची खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. तेथे मांसात तंतू आहेत का हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि पी.सी.आर. चाचणीने निदान पक्के करतात.

रोग येण्यापूर्वी करावयाची कामे

उन्हाळ्यात : मातीच्या तळ्यातील सर्व मासे काढून तळाला भेगा पडेपर्यंत तो वाळू द्यावा. काळा गाळ काढावा. तो शेतात टाकल्यास खताचे काम करतो. सामू पाहून तळावर चुना पसरावा. रोग येऊन गेलेल्या तळ्यात चुन्याची मात्रा वाढवावी लागते. ती मत्स्य तज्ज्ञाच्या सल्ल्याने ठरवावी. बांधाची छिद्रे बुजवावीत आणि बाहेरचे पाणी आत येऊ नये अशी बांधाची उंची ठेवावी.

बीज सोडताना : खात्रीच्या केंद्रातूनच बोटुकली घ्यावी. अंगावर ठिपके, खरचटे असलेले बीज स्वस्त मिळाले तरी नाकारावे. पिशवी प्रथम तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान सारखे होऊ द्यावे. नंतर बोटुकली जाळीत घेऊन २ ते ३ टक्के मिठाच्या द्रावणात (१० लिटर पाण्यात २०० ते ३०० ग्रॅम) एक-दोन मिनिटे बुडवावी. मासे अस्वस्थ दिसताच त्यांना लगेच काढावे. पिशवीतील पाणी तळ्यात ओतू नये. मिठाने कातडीवरचे जंतू व परजीवी कमी होतात. मांसात शिरलेला रोग निघत नाही. म्हणून बीजाची निवड महत्त्वाची.

दर हेक्टरी ५,००० ते १०,००० म्हणजे गुंठ्यास ५० ते १०० बोटुकली पुरेशी होते. दाटी केल्यास मासे एकमेकांस घासतात, प्राणवायू कमी पडतो आणि रोगास फावते. सायप्रिनस हा मासा या रोगास बराच प्रतिकारक आहे. त्याचा वाटा ठेवल्यास साथ आली तरी सगळे हातचे जात नाही. मातीच्या तळ्यात मात्र तो बांध उकरतो, हे ध्यानात ठेवून त्याचे प्रमाण ठरवावे.

कोजागिरी ते दिवाळी : वर्षातील सर्वांत महत्त्वाचे काम या पंधरा-वीस दिवसांत करावयाचे असते. पाऊस संपला, थंडी अजून पडायची आहे, अशा वेळी सकाळी पाण्याचा सामू मोजावा. तो ७.५ पेक्षा कमी असल्यास हेक्टरी २०० ते २५० किलो, म्हणजे गुंठ्यास २ ते २.५ किलो चुना दोन-तीन हप्त्यांत विभागून द्यावा. सामू ८.५ च्या वर असल्यास चुना मुळीच देऊ नये. बांगलादेशात चुन्याबरोबर तितकेच मीठ देण्याची शिफारस आहे. गुंठ्यास २.५ किलो मीठ म्हणजे मीटर-दीड मीटर पाण्यात दर लिटरला २० मिलिग्रॅमच्या आसपास. एवढ्याने ओलिताच्या पाण्याची प्रत बिघडत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पाण्यातील क्षारांचे प्रमाण दर हजारी २ भागांच्या वर गेले की रोगाचा प्रसार थांबतो, असे आढळले आहे. हे वाचून कोणी शेततळ्यात पोत्याने मीठ ओतू नये. त्यासाठी दर घनमीटरला दोन किलो मीठ लागेल आणि असे पाणी द्राक्ष, डाळिंब किंवा भाजीपाल्यास देणे म्हणजे हाताने जमीन खारवट करून घेणे होय.

थंडीत : जाळे ओढणे शक्य तितके टाळावे. वाढ पाहण्यासाठी जाळे टाकावेच लागले तर उन्हे वर आल्यावर, मऊ जाळ्याने, थोडेच मासे काढून पाहावेत. पाणी थंड झाल्यावर मासे कमी खातात, म्हणून खाद्य कमी करावे. उरलेली पेंड व कोंडा तळाशी कुजून पाणी बिघडते. प्रत्येक तळ्यास स्वतंत्र जाळे परवडत नसल्यास जाळे धुऊन दोन दिवस कडक उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात उतरवू नये. भाड्याने येणाऱ्या जाळेवाल्यालाही हा आग्रह धरावा.

रोग दिसल्यावर

पहिला लाल ठिपका दिसला की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट घडते. मालक घाबरतो, जाळे ओढतो, चांगले दिसणारे मासे दुसऱ्या तळ्यात हलवतो, मेलेले ओढ्यात टाकतो आणि पाणी सोडून नवे पाणी घेतो. या चारही कृतींनी रोग वाढतो. जाळ्याने शेकडो माशांची कातडी सोलवटते, वरून निरोगी दिसणारे मासे रोग दुसऱ्या तळ्यात नेतात आणि सोडलेले पाणी खालच्या शेतकऱ्याच्या दारी जाते. त्याऐवजी पुढील क्रमाने काम करावे.

१. तळ्याचे पाणी बाहेर जाणे व बाहेरचे आत येणे थांबवावे. ओलितासाठी पंपाने पाणी घेण्यास हरकत नाही. पिकांना या रोगापासून धोका नाही. मात्र ते पाणी शेतातच मुरावे, ओढ्यात उतरू नये.

२. मेलेले व मरणासन्न मासे हातजाळीने रोज काढावेत. खड्ड्यात टाकून चुना पसरावा व कुत्री उकरणार नाहीत इतके खोल पुरावेत. खड्डा विहीर व ओढ्यापासून दूर असावा.

३. खाद्य दोन-तीन दिवस बंद ठेवून नंतर थोडे सुरू करावे. शेण, युरिया देणे थांबवावे.

४. सामू मोजून चुना द्यावा. साथीच्या वेळी हेक्टरी ५०० ते ६०० किलो, म्हणजे गुंठ्यास ५ ते ६ किलोपर्यंत चुना लागतो. तो एकदम न देता तीन-चार हप्त्यांत, दोन-दोन दिवसांच्या अंतराने द्यावा. कळीचा चुना आदल्या दिवशी पाण्यात विरवून, थंड करून, सकाळी सर्व तळ्यावर शिंपडावा. प्रत्येक हप्त्यापूर्वी सामू मोजावा आणि तो ८.५ झाला की थांबावे. अस्तराच्या तळ्यात कळीचा चुना थेट टाकल्यास विरताना निघणाऱ्या उष्णतेने प्लास्टिक खराब होते, म्हणून तेथे चुन्याचे थंड पाणीच वापरावे.

५. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने या रोगासाठी 'सिफॅक्स' हे औषध विकसित केले आहे. त्याची मात्रा हेक्टर-मीटर पाण्यास, म्हणजे १०,००० घनमीटर पाण्यास १ लिटर अशी आहे. औषध भरपूर पाण्यात मिसळून तळ्यावर सर्वत्र सारखे शिंपडावे व बाटलीवरील सूचना पाळाव्यात.

मात्रा काढण्याचे उदाहरण

३० × ३० × ३ मीटरचे, १:१ उताराचे शेततळे काठोकाठ भरले असता त्यात सुमारे २,१९६ घनमीटर पाणी मावते. परंतु थंडीत ते क्वचितच भरलेले असते. तळापासून २ मीटर पाणी उरले असेल, तर पाण्याचा पृष्ठभाग २८ × २८ मीटर, म्हणजे पावणेआठ गुंठे होतो आणि पाणी सुमारे १,३५५ घनमीटर भरते. अशा वेळी –

• सिफॅक्स : सुमारे १३५ मिलिलिटर (भरलेल्या तळ्यास २२० मिलिलिटर)
• प्रतिबंधक चुना : १५ ते २० किलो
• साथीच्या वेळचा चुना : एकूण ३९ ते ४७ किलो, हप्त्यांनी

चुन्याची मात्रा पृष्ठभागावरून आणि सिफॅक्सची मात्रा पाण्याच्या घनफळावरून काढतात, हा फरक विसरू नये. मात्रा ठरवताना त्या दिवशी तळ्यात असलेले पाणी धरावे, तळे खणतानाचे माप नव्हे.

या गोष्टी करू नयेत

द्राक्ष, बटाट्यावरील रोगाशी नाते आहे म्हणून घरात शिल्लक असलेली मँकोझेब किंवा ताम्रयुक्त बुरशीनाशके तळ्यात टाकू नयेत. ती माशांना विषारी आहेत. फवारणीचे पंपही तळ्यावर धुऊ नयेत. पूर्वी मत्स्यबीज केंद्रांत, विशेषतः ट्राउटच्या अंड्यांवर, मॅलेकाइट ग्रीन वापरले जाई. खाण्याच्या माशांत त्याचा वापर आरोग्यास घातक असल्याने अनेक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. ते वापरू नये. दुकानदाराच्या सांगण्यावरून खाद्यात प्रतिजैविके मिसळू नयेत. मूळ रोगजीव जिवाणू नसल्याने प्रतिजैविकांनी तो मरत नाही, पैसा मात्र जातो आणि माशात औषधाचा अंश राहतो. चुना आणि युरिया किंवा शेण एकाच वेळी देऊ नये. सामू वाढलेल्या पाण्यात अमोनिया माशांना जास्त बाधतो. दोहोंत आठ-दहा दिवसांचे अंतर ठेवावे.

विक्री व आहार

हा रोग माशांपासून माणसाला होत असल्याचे आढळलेले नाही. तरीही व्रण असलेला मासा खाऊ नये व विकू नये, कारण जखमेत इतर जंतू वाढलेले असतात. अंगावर डाग नसलेले त्याच तळ्यातील मासे नीट शिजवून खाण्यास हरकत नाही. एक व्रण पडलेला मासा टोपलीत गेला तर आपल्याच गावच्या मासळीचा बाजार उठतो, हे विक्रेत्यानेही ध्यानात घ्यावे. विक्रीयोग्य वजनाचे मासे विकायचे ठरवल्यास तळ्यावरच निवड करावी व मासे जिवंत वाहून नेऊ नयेत. मारून, बर्फात ठेवून न्यावेत, म्हणजे रोग पाण्याबरोबर पुढे जाणार नाही.

तपासणी कोठे करावी?

लक्षणे दिसताच जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयास किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रास कळवावे. रत्नागिरी, नागपूर व उदगीर येथील मत्स्य महाविद्यालये तसेच मुंबईतील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था येथील तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. नमुना म्हणून ताजे ठिपके असलेले तीन-चार जिवंत मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीत न्यावेत. ते शक्य नसल्यास नुकतेच मेलेले मासे बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावेत. मासे गोठवू नयेत आणि कुजलेला मासा नेऊ नये. २०२३ साली केंद्र शासनाने 'रिपोर्ट फिश डिसीज' हे मोबाइल अ‍ॅपही उपलब्ध करून दिले आहे. त्यावर छायाचित्रासह माहिती पाठवता येते. जागतिक पशु आरोग्य संघटनेने हा रोग नोंद करण्याच्या रोगांच्या यादीत ठेवला आहे. तेव्हा रोग कळवण्यात कमीपणा मानू नये. लपवलेला रोग शेजाऱ्याच्या तळ्यातून पुढील वर्षी परत येतो.

समारोप

पाणी पुन्हा उबदार होऊ लागले की वाचलेल्या माशांचे व्रण हळूहळू भरून येतात व डाग राहतात. त्यामुळे शेवटी जे औषध टाकले त्यानेच गुण आला, असे वाटते आणि पुढच्या वर्षी शेतकरी पुन्हा जखमेची वाट पाहतो. तसे करू नये. तळ्याच्या वहीत पाऊस, सामू, चुन्याची तारीख, बीज कोठून आणले आणि जाळे कोणाचे वापरले याची नोंद ठेवावी. एका ओढ्यावर, एका तलावाखाली असलेल्या शेतकऱ्यांनी व मच्छीमार सहकारी संस्थांनी दिवाळीपूर्वी एकत्र बसून चुन्याचे, जाळी वाळवण्याचे आणि मेलेले मासे पुरण्याचे नियम ठरवावेत. पाणी सर्वांचे एक असल्याने एकट्याने केलेला बंदोबस्त अपुरा पडतो. सर्वांनी वेळेवर केला तर कमी खर्चात वर्षाचे उत्पन्न वाचते.